फुटांचा हिशेब आणि हाताची तालीम

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते. म्हणजे पहिला पावसाळाही त्याला पुरता सोसला नाही. नवा पुतळा उभारायचे ठरले तेव्हा ते काम शिल्पकार राम सुतार यांच्या संस्थेकडे गेले आणि मे २०२५ मध्ये तिथे ६० फुटी पुतळा उभा राहिला. सुतार तेव्हा शंभर वर्षांचे होते. त्याच वर्षी डिसेंबरात नोएडात त्यांचे निधन झाले.

या घटनाक्रमातली एक गोष्ट मला तेव्हापासून सतत बोचते आहे. ज्या महाराष्ट्राने गणपतराव म्हात्रे यांच्यासारखे शिल्पकार घडवले, बाळाजी तालीम, फडके, करमरकर, भाऊ साठे घडवले, त्या महाराष्ट्रावर नामुष्की ओढवली तेव्हा सरकारला शंभरीतल्या माणसाचे दार ठोठवावे लागले. सुतारांच्या योग्यतेबद्दल शंका घ्यायचे काही कारणच नाही. त्यांच्याकडे काम गेले हे चांगलेच झाले. पण त्यांच्या मागे, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत, सरकारला निर्धास्तपणे विश्वास टाकता येईल अशी दहा नावे का नव्हती? कोल्हापूर, सांगली, पुणे, नाशिक इथे पत्र्याच्या शेडमध्ये उत्तम काम करणारे शिल्पकार आजही आहेत. पण गेल्या काही दशकांत आपण पुतळे इतके उभारले आणि शिल्पकार घडवायची व्यवस्था इतकी दुर्लक्षित ठेवली, की मोठे काम निघाले की एकतर सर्वांत मोठा कारखाना किंवा मग कोणीही, अशी स्थिती आली. सार्वजनिक स्मारकांवर खर्च होणाऱ्या पैशाचा एक भाग शिल्पकार तयार करण्यावर खर्च झाला पाहिजे आणि पुतळ्याचे काम देताना फूट आणि तारीख या दोन गोष्टी सर्वांत शेवटी ठरल्या पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे.

सुतार कसे घडले ते आधी पाहू. धुळे जिल्ह्यातले गोंदूर हे त्यांचे गाव. वडील सुतारकाम करणारे, घरची गरिबी. श्रीराम कृष्ण जोशी या गुरुजींनी मुलाच्या हातातली कला ओळखली आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची वाट दाखवली. गोंदूरहून जे. जे. पर्यंतचे अंतर त्या काळात कोणा एका मुलाने एकट्याने कापणे अवघड होते. गुरुजी नसते तर हा हात कदाचित दारे-खिडक्या आणि बैलगाड्या करण्यातच गेला असता. १९५३ मध्ये शिल्पकलेचे मेयो सुवर्णपदक घेऊन सुतार बाहेर पडले. पदक मिळाले म्हणून कोणी त्यांना लगेच पुतळ्याचे कंत्राट दिले नाही. १९५४ ते १९५८ ही वर्षे त्यांनी पुरातत्त्व खात्यात, औरंगाबादला, अजिंठा-वेरूळच्या झिजलेल्या आणि तुटलेल्या शिल्पांच्या दुरुस्तीत घालवली.

या चार वर्षांचे मोल त्यांच्या चरित्रात दोन ओळींत सांगून टाकले जाते. मला तेच त्यांच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे शिक्षण वाटते. मोडलेला हात पुन्हा घडवायचा तर मूळ कारागिराने छिन्नी कुठल्या बाजूने चालवली, खांद्यापासून बोटापर्यंत वजन कसे उतरत नेले, पाषाण कुठे जाड ठेवला आणि का, हे सगळे आधी वाचावे लागते. आपली शैली बाजूला ठेवून हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनाम माणसाच्या हाताखाली काम करावे लागते. कैलास लेणे तर एका अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलेले. तिथे वावरलेल्या माणसाला आकारमानाची भीती उरत नाही, पण आकारमानाचा आदर मात्र कायमचा अंगी मुरतो.

पुढे दिल्लीत माहिती व नभोवाणी मंत्रालयात थोडा काळ नोकरी, मग ती सोडून स्वतंत्र व्यवसाय. त्यानंतर त्यांच्या हातून आले ते चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणाचे शिल्प. ४५ फूट उंचीची चंबळमाता आणि तिच्याजवळ मध्य प्रदेश व राजस्थान ही दोन मुले. काँक्रीटच्या एकाच प्रचंड ठोकळ्यातून छिन्नी-हातोड्याने कोरलेले हे काम आहे. त्यात कोणी पुढारी नाही, राजा नाही. नदी आहे आणि पाणी वाटून घेणारी भावंडे आहेत. नव्या देशाला स्वतःबद्दल काय वाटत होते ते या शिल्पात जितके स्वच्छ उमटले आहे तितके फार थोड्या ठिकाणी उमटले असेल. भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांचे ५० फुटी ब्राँझ शिल्प करावे असे नेहरूंनी त्यांना सुचवले होते. निधीअभावी ते तेव्हा उभे राहिले नाही. नंतरच्या काळात या देशात स्मारकांना निधी कमी पडला असे क्वचितच झाले, पण मजुरांचे ते शिल्प मागे पडले याची मला आजही हळहळ वाटते.

चंबळचे काम हाती आले तेव्हा सुतार तिशी ओलांडलेले होते, एवढेच. विनायकराव करमरकरांचा जन्म १८९१ चा; पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधल्या अश्वारूढ शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण १९२८ चे, म्हणजे वय अवघे ३६. भाऊ साठ्यांचा जन्म १९२६ चा. दिल्लीच्या चांदनी चौकातला त्यांचा गांधीपुतळा १९५४ चा, आणि गेटवे ऑफ इंडियासमोरच्या ज्या शिवपुतळ्याला आज सगळी मुंबई ओळखते त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ ला झाले. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी गांधी आणि पस्तिशीच्या आत शिवाजी महाराज.

म्हणून मालवणच्या दुर्घटनेनंतर शिल्पकाराच्या वयावर जो राग निघाला तो मला पटला नाही. विशीतल्या मुलाला एवढे मोठे काम दिलेच कसे, असे जो तो विचारत होता. तरुण असणे हा दोष नाही. तरुण वयात आपल्या थोर शिल्पकारांनीही मोठी कामे घेतली. विचारायचे ते हे, की त्या तरुणाने त्याआधी कोणाच्या हाताखाली किती मोठी कामे पाहिली होती, आणि तो काम करत असताना त्याच्या शेजारी अनुभवी असे कोण उभे होते. साठे, सुतार, करमरकर यांना हे दोन्ही लाभले होते. करमरकर अलिबागजवळच्या सासवण्याचे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरच्या नजरेस पडले आणि त्याने मुलाला जे. जे. मध्ये पाठवले. तिथून पुढे कलकत्त्यातली कामाची वर्षे, मग लंडनचे शिक्षण. पुण्याच्या पुतळ्याला हात घातला तेव्हा मागे दीड दशकाची मेहनत होती. साडेतेरा फुटांचा तो अश्वारूढ पुतळा माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतला गेला, हे त्या काळातले धाडसच. पण त्या धाडसाला वर्षांचा पाया होता.

मालवणला काय झाले? तेव्हाच्या कला संचालकांनी सांगितले की संचालनालयाची मान्यता सहा फुटी मातीच्या नमुन्याला होती. प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटी होणार आहे हे त्यांच्यापुढे आलेच नव्हते. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगकडे बोट दाखवले. या दोन गोष्टी जोडून वाचल्या की सगळा प्रकार उघड होतो. सहा फुटांचे पस्तीस फूट केले म्हणजे उंची जवळपास सहापट झाली. पण वाऱ्याला सामोरा जाणारा पृष्ठभाग चौतीसपट होतो, आणि पुतळ्याला पायातून उलथवू पाहणारा जोर त्याहूनही कितीतरी जास्त वाढतो. लहान नमुना उत्तम असला तरी मोठा पुतळा उभा राहील याची तो कसलीही हमी देत नाही. अभियंत्याला हे गणिताने कळते. शिल्पकाराला ते कळते कोणा मोठ्या शिल्पकाराच्या कार्यशाळेत राबून, तिथे काय तडकले आणि का तडकले हे डोळ्यांनी पाहून.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो, कारण निर्णय घेणाऱ्या समित्यांवर बसणाऱ्या अनेकांनाही पुतळा कसा होतो याची नीट कल्पना नसते. आधी हातभर उंचीचा मातीचा नमुना होतो. त्यात मुद्रा ठरते, तोल ठरतो, वजन कुठल्या पायावर आहे ते ठरते. मग मोठ्या मापाचा लोखंडी सांगाडा उभा करून त्यावर माती चढवतात. ओली माती टनांनी भरते. सांगाडा चुकला तर महिनाभराचे काम रात्रीत खाली बसते. चबुतऱ्यावर उंच जाणारा पुतळा खालून पाहिला जाणार असतो, म्हणून डोके आणि खांदे मापापेक्षा थोडे मोठे ठेवावे लागतात, हनुवटीखालची सावली सांभाळावी लागते. किती मोठे, हे कुठल्याही पुस्तकात नेमके लिहिलेले नाही. तो अंदाज नजरेचा आहे आणि ती नजर एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडेच जाते.

माती पक्की झाली की प्लास्टरचा साचा तुकड्यातुकड्यांनी घेतात. साच्याच्या आत मेणाचा काही मिलिमीटरचा थर, त्याच्या आत गाभा. मेण वितळून गेले की त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. आपल्याकडे पुतळ्यांसाठी ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के असे प्रमाण रूढ आहे. साच्यात ओल राहिली तर वाफ धरते, रस एका दमात पोचला नाही तर जोड दिसतो, हवा निघायच्या वाटा चुकल्या तर धातूत पोकळ्या राहतात. मग तुकडे जोडणे, वेल्डिंग घासून एकजीव करणे, रसायनांनी रंग देणे. आणि आतला आधार. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत तांब्याचा मिश्रधातू आणि साधे लोखंड एकमेकांना भिडले तर लोखंड झपाट्याने गंजते. ब्राँझ वर्षानुवर्षे तसेच दिसत राहते आणि आतला सांगाडा मात्र पोखरला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला, फुलांचा हार घालणाऱ्याला, त्याचा पत्ताही लागत नाही.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर वडीलधाऱ्या शिल्पकाराचे काम असते ते म्हणजे थांबवणे. हे पाडून पुन्हा कर. अजून आठ दिवस वाळू दे. हा गुडघा खोटा आहे. शिकणाऱ्याला ते जाचक वाटते, पण शिल्पकला शिकवणे हे बहुतांशी असेच असते. आजच्या व्यवस्थेत पुतळ्याच्या कामात कोणालाच थांबवायचा अधिकार नाही. अनावरणाची तारीख आधी ठरते, पाहुण्यांचा दौरा ठरतो, मंडप ठरतो. मग त्या तारखेपासून उलटे दिवस मोजून शिल्पकाराला सांगितले जाते की एवढ्यात कर. मालवणचा पुतळा काही महिन्यांत उभा राहिला. कोणताही जाणता शिल्पकार हात जोडून सांगेल की या अवधीत एवढे काम होत नाही. ज्याला ते माहीत नसते तोच होकार देतो, आणि त्याचा होकार व्यवस्थेला सोयीचा असतो.

गुरू-शिष्यांची ही साखळी आपल्याकडे एकेकाळी किती सहज होती याची एक आठवण धारला आहे. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा करणारे रघुनाथ कृष्ण फडके हे वसईचे. ते धार संस्थानात कामासाठी गेले आणि तिथलेच झाले. तिथे त्यांनी स्टुडिओ उभारला, विद्यार्थी घडवले. आजही माळव्यात फडके स्टुडिओ हे नाव आदराने घेतले जाते. संस्थानाने एक पुतळा मागवला आणि त्याबरोबर एका प्रदेशाला शिल्पकलेची शाळा मिळाली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्याभोवती चित्र, शिल्प आणि सिनेमा यांची जी मंडळी जमली त्यातून रवींद्र मेस्त्री यांच्यासारखे शिल्पकार झाले आणि त्या शहरात पुतळे घडवण्याची परंपरा अजून जिवंत आहे. कामाबरोबर शिष्य येतातच, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. आज शंभर कोटींच्या स्मारकाच्या कंत्राटात पार्किंग, लँडस्केपिंग, दृक्-श्राव्य दालन अशा सगळ्यांची तरतूद असते. चार शिकाऊ शिल्पकारांच्या विद्यावेतनाची नसते.

आता उंचीबद्दल. इथे मला सुतारांच्याही शेवटच्या पर्वाबद्दल आदर राखून स्पष्ट बोलावे लागेल. नर्मदेकाठचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा ही अभियांत्रिकीची मोठी कामगिरी आहे यात वाद नाही, आणि अहमदाबाद विमानतळावरच्या त्यांच्याच पुतळ्यावरून घेतलेला तो चेहरा खरोखर पटेलांचा आहे. पण १८२ हा आकडा आला तो गुजरात विधानसभेच्या जागांवरून. शिल्पाच्या गरजेतून तो आलेला नाही. आणि त्या उंचीचे ब्राँझचे आवरण ओतायची क्षमता भारतातल्या ओतशाळांत नसल्यामुळे ते पत्रे चीनमध्ये ओतून आणावे लागले. ज्या देशात चोळ कारागिरांनी हजार वर्षांपूर्वी ब्राँझचे नटराज ओतले तिथे हे घडले. त्यानंतर प्रत्येक राज्याला आपला आकडा हवासा झाला. बेंगळुरूत केंपेगौडा १०८ फूट, हैदराबादेत डॉ. आंबेडकर १२५ फूट, मुंबईत इंदू मिलच्या जागेवर ३५० फुटांचा आंबेडकरांचा पुतळा १०० फुटांच्या चबुतऱ्यावर. हे सगळे सुतारांच्याच कार्यशाळेकडचे. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचे जलपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झाले. ते स्मारक अजून कागदावरच आहे.

एवढी कामे एकाच घराकडे का जातात? त्यांनी कोणाचा मार्ग अडवला म्हणून नव्हे. ज्या उंचीची मागणी होते ती पेलणारी जागा, क्रेन, ओतशाळा आणि भांडवल दुसऱ्या कोणाकडे नाही म्हणून. उंची वाढली की दरवाजा अरुंद होतो. नऊ-दहा फुटांच्या कामासाठी महाराष्ट्रात पन्नास जण स्पर्धेत उतरू शकतात. शंभर फुटांच्या कामासाठी दोघे-तिघे. मधल्या मापाची, वीस-पंचवीस फुटांची कामे करत करत माणूस मोठ्या कामापर्यंत पोचतो. ती मधली पायरीच आपण काढून टाकली आहे. मग मालवणसारख्या ठिकाणी एखादा तरुण खालून थेट वरच्या पायरीवर उडी घेतो आणि आपण त्याला दोष देतो.

उंचीने आदर वाढतो या समजुतीला कोल्हापूरचा बिंदू चौक हे चांगले उत्तर आहे. तिथे ९ डिसेंबर १९५० ला, बाबासाहेब हयात असतानाच, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बाबासाहेबांचा आणि महात्मा फुले यांचा असे दोन अर्धपुतळे बसवले गेले. बाबासाहेबांचा पुतळा बाळ चव्हाण या कोल्हापूरच्या शिल्पकाराने केलेला. अर्धपुतळाच, माणसाच्या नजरेच्या टप्प्यात येणारा. पंचाहत्तर वर्षे लोक तिथे जमतात, सभा घेतात, मोर्चे तिथून निघतात. त्या चौकाने कोल्हापूरच्या सार्वजनिक जीवनाला जे दिले ते मोजायला फूटपट्टी चालत नाही. गेटवेसमोरच्या साठ्यांच्या शिवाजी महाराजांबद्दलही हेच. मागे ताज, समोर गेटवेची कमान आणि पलीकडे समुद्र असताना तो घोडेस्वार कुठेही लहान वाटत नाही, कारण घोड्याच्या मानेत आणि स्वाराच्या पाठीच्या कण्यात जी ताकद आहे ती शिल्पकाराने आकारात आणली आहे. सुतारांचा स्वतःचा सर्वांत मोलाचा पुतळा कोणता असे मला कोणी विचारले तर मी संसद परिसरातला ध्यानस्थ बसलेला गांधी सांगेन. साधारण १६ फुटांचा, १९९३ चा. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर तीस वर्षे सर्व पक्षांचे खासदार आंदोलनाला बसत आले. त्यांना तिथे बसावेसे वाटले यातच त्या शिल्पाचे यश आहे.

पुतळे हवेतच कशाला, शाळा आणि दवाखाने बांधा, असे म्हणणारे अनेक जण आहेत. त्यांच्या तळमळीचा मला आदर आहे. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना बजावले, तेही योग्यच होते. पण ज्यांना शतकानुशतके चौकात उभे राहू दिले नाही त्यांना आपला माणूस चौकात उभा हवा असतो. फुल्यांचा, बाबासाहेबांचा, अण्णाभाऊंचा पुतळा गावात येतो तेव्हा त्या वस्तीची मान वर होते. ती गरज खरी आहे. आणि गरज खरी असल्यामुळेच तिथे रस्त्याकडेच्या दुकानातला, साच्यातून निघालेला, ओठ आणि डोळे रंगवलेला फायबरचा पुतळा बसवणे हा त्या माणसांचाही अपमान आहे आणि त्या वस्तीचाही. गावाने वर्गणी काढून पुतळा मागवला तर त्याला चांगला शिल्पकार परवडेल अशी सोय सरकारने करायला हवी. मोठ्या स्मारकाच्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात हे होण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप प्रशासनातून येतो. निविदा नको तर मग काय, आवडत्या माणसाला काम द्यायचे? भ्रष्टाचाराला वाट होईल. रास्त आहे. पण निविदेत सर्वांत कमी दर देणारा शोधला जातो, आणि पाइपलाइन टाकण्यासाठी योग्य असलेली पद्धत चेहरा घडवण्यासाठी योग्य नसते. स्पर्धा हवीच, ती मातीच्या नमुन्यांची हवी. पाच-सहा शिल्पकारांना नमुन्याचा खर्च देऊन बोलवावे, नावे झाकून ते नमुने लोकांना पाहायला ठेवावेत, आणि निवड शिल्पकार, इतिहासाचे अभ्यासक आणि अभियंते यांच्या मंडळाने कारणे लिहून करावी. कला संचालनालयाची मान्यता आजही लागते. ती अंतिम मापाला, आतल्या सांगाड्याच्या आराखड्याला आणि धातूच्या प्रमाणालाही लागू झाली पाहिजे. माप बदलले की मान्यता रद्द. निवड झाल्यावर शिल्पकाराने सांगितलेला अवधी करारात लिहावा आणि अनावरणाची तारीख पुतळा तयार झाल्यावरच जाहीर व्हावी. हे एवढे पाळले असते तरी मालवणची वेळ आली नसती, असे मला ठामपणे वाटते.

शिकाऊ शिल्पकारांचे काय? जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला ही आनंदाची गोष्ट, पण राज्यातल्या सरकारी कला महाविद्यालयांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, कंत्राटी शिक्षक तासिकांवर राबतात. धातूच्या ओतकामाची भट्टी नियमित पेटत नसेल तर शिल्पकलेचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो आणि खरा ओतीव तुकडा हातात न घेताच बाजारात उतरतो. त्याला मग गणपतीच्या कारखान्यात, सिनेमाच्या सेटवर किंवा थर्माकोल कापणाऱ्या यंत्रावर काम मिळते. तिथेही कौशल्य आहे, ते मी कमी लेखत नाही. पण स्मारकाच्या शिल्पकाराला लागणारी दहा वर्षांची तालीम तिथे होत नाही. आता तर संगणकावर आकृती करून यंत्राने हव्या त्या मापाची कापून घेता येते. हत्यार म्हणून ते स्वागतार्ह आहे. मात्र यंत्र मोठे करते तेव्हा नमुन्यातला दोषही इमानाने तेवढाच मोठा करते, आणि तो ओळखायला मातीत काम केलेलाच डोळा लागतो.

आणखी एक लहानशी पण मनाला लागणारी बाब. आपल्या पुतळ्यांच्या चबुतऱ्यावर संगमरवरी पाटी असते. त्यावर अनावरण करणाऱ्याचे नाव असते, अध्यक्षांचे असते, प्रमुख उपस्थितांची लांबलचक यादी असते. शिल्पकाराचे नाव बहुतेक ठिकाणी शोधूनही सापडत नाही. ज्याने वर्ष-दोन वर्षे त्या चेहऱ्याशी रोज झगडा केला त्याची ओळख आपण पुसतो आणि ज्याने पडदा ओढला त्याची कोरून ठेवतो. गेटवेवर रोज हजारो लोक फोटो काढतात. त्यांतल्या किती जणांना सदाशिव साठे हे नाव माहीत असेल? नियमच करावा की पाटीवर पहिले नाव शिल्पकाराचे, मग ओतकाम करणाऱ्यांचे, सांगाड्याच्या अभियंत्याचे, धातूचे प्रमाण आणि वर्ष. नाव कोरले की जबाबदारीही कोरली जाते. पन्नास वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल, आणि शाळेच्या सहलीत आलेल्या एखाद्या मुलीला असे काम करणारी माणसे असतात हे कळेल.

सासवण्याला करमरकरांच्या राहत्या घरात त्यांची शिल्पे जपून ठेवली आहेत. त्यात थोरामोठ्यांचे पुतळे आहेत तसे गावातली माणसे आहेत, जनावरे आहेत. डोंबिवलीत भाऊ साठ्यांचे शिल्पालय आहे. ही दोन्ही ठिकाणे कुटुंबीयांच्या आणि शिष्यांच्या जिद्दीवर उभी राहिली. सरकारने मनात आणले तर अशा जागा शिल्पकलेच्या निवासी शाळा होऊ शकतील. तिथे वर्षाला दहा मुले राहून शिकू शकतील. नवीन जमीन घ्यावी लागणार नाही, भूमिपूजनाचीही गरज नाही. जुने साचे, जुने नमुने, जुनी हत्यारे समोर असताना शिकण्यासारखे शिक्षण नाही.

आणि एक संधी तर आत्ता, या वर्षी हाताशी आहे. इंदू मिलच्या पुतळ्याचे काम सुरू आहे. त्याच्या उंचीबद्दलचे माझे मत मी वर मांडले आहे. पण ते होणारच आहे, आणि त्याच्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो आहे. राम सुतार आता नाहीत. त्यांचे पुत्र अनिल सुतार आणि अनेक वर्षे त्यांच्या हाताखाली राबलेले कारागीर ते पुढे नेत आहेत. या कारागिरांजवळ जे ज्ञान आहे ते कुठल्याही महाविद्यालयात नाही. जे. जे., नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी कला महाविद्यालयांतले आणि कोल्हापूरच्या कला संस्थांमधले निवडक विद्यार्थी सरकारी विद्यावेतनावर त्या कार्यशाळेत पाठवता येतील. त्यांनी माती मळण्यापासून वेल्डिंग घासण्यापर्यंत सगळे करावे, रोजची नोंदवही ठेवावी, आणि पुतळा पूर्ण झाल्यावर त्यांची नावे पाटीवर यावीत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सरकारी निर्णयाचा एक कागद आणि पुतळ्याच्या अंदाजपत्रकात एक ओळ, एवढ्यावर ते पुढच्या महिन्यात सुरू होऊ शकते.